विंडोज, रेडिओ सायलेन्स आणि हवालदारसाहेबांचा आवाज



या वेळी बर्फ नाही, खिंड नाही, कॉन्व्हॉय नाही. या वेळी विंडोज.

हसू नका. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी निवृत्त फौजी आहेत. वडील, आजोबा, सासरे, चुलते. '62, '65, '71 त्यांच्या तोंडून ऐकत तुम्ही मोठे झालात, आणि कधीतरी मनात येतं की हे सगळं एकदा नीट रेकॉर्ड करून ठेवायला हवं. मग घरातला लॅपटॉप निघतो, दोन-अडीच हजारांचा माईक येतो, आजोबा बोलायला लागतात, आणि रात्री ऐकायला बसलं की आवाजात मधेच 'कट्', 'टक्', अर्धा शब्द गायब. अशा वेळी बहुतेक लोक एकच निष्कर्ष काढतात: लॅपटॉप जुना झाला, नवीन घ्यायला हवा.

माझं म्हणणं उलट आहे. माणसाचा आवाज रेकॉर्ड करायला वेगवान कॉम्प्युटर लागत नाही. वक्तशीर लागतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे खडकवासल्याच्या ड्रिल ग्राउंडवर उभ्या राहिलेल्या कुणालाही सांगायला नको. क्रॉसकंट्रीत पहिला येणारा कॅडेट ड्रिलमध्ये चांगला असतोच असं नाही. तिथे पाय किती जोरात जातो याला किंमत नसते, तो कधी पडतो याला असते.

हिशेबच करू. भाषणाच्या उत्तम रेकॉर्डिंगसाठी 48 किलोहर्ट्झ, 24 बिट पुरेसं आहे. म्हणजे आवाजाची सेकंदाला 48,000 मापं, आणि प्रत्येक माप तीन बाइटचं. सेकंदाला 1,44,000 बाइट झाले. पूर्ण तासाचे होतात साधारण 518 एमबी. दहा वर्षांपूर्वीचा, फिरत्या डिस्कचा लॅपटॉपसुद्धा एवढं झोपेत लिहील. मग आवाज तुटतो का?

राजस्थानातल्या पोस्टिंगवर हा प्रश्न माझ्याकडे चालत आला. फौजेत एकदा तुमच्यावर सिग्नल्सचा शिक्का बसला की स्टेशनातल्या प्रत्येक बिघडलेल्या रिमोटचे, टीव्हीचे आणि मंदिरातल्या माईकचे तुम्ही पालक होता. त्याच न्यायाने एक हवालदारसाहेब कॅन्टीनच्या दिवशी नातवाला घेऊन माझ्याकडे आले. वयाची पंचाहत्तरी ओलांडलेली, पाठ अजून सरळ. नातू इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. त्याच्या पाठीवर गेमिंगचा नवा कोरा, चांगला लाखभराचा लॅपटॉप, ज्याच्या कळांखाली दिवाळीसारखे दिवे लागतात.

हवालदारसाहेब '71 मध्ये एका इन्फंट्री बटालियनच्या सिग्नल प्लाटूनमध्ये लाइनमन होते. युनिटचं नाव इथे लिहीत नाही. मुनाबावहून सीमा ओलांडून खोखरोपार आणि पुढे नया छोरकडे जी चढाई झाली, तिच्यात ते होते. रेल्वेच्या रुळांच्या कडेने, वाळूतून, पाठीवर केबलचा ड्रम घेऊन टेलिफोनची तार टाकत जायचं. आपल्याच गाड्यांच्या चाकांखाली नाहीतर गोळाबारीत ती तुटली की रात्री हाताने चाचपत तुटलेलं टोक शोधायचं. सिग्नल्सवाल्या वाचकांना हे काम काय असतं ते वेगळं सांगत नाही.

नातवाने त्यांची तीन तासांची कहाणी रेकॉर्ड केली होती. मी हेडफोन लावला. साधारण दर मिनिटाला एक 'कट्'. बहुतेक ठिकाणी चालून जाईल असा. एका ठिकाणी मात्र हवालदारसाहेब म्हणतात, "तार टूटी पड़ी थी, तो मैं और...", मग 'कट्', मग "...निकले." त्या दोघांतला एक परत आला नव्हता. 'कट्'मध्ये गेलं होतं ते त्याचं नाव.

मी त्यांनाच विचारलं. ते खुर्चीत ताठ झाले आणि नंबर, रँक, पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव असा रिपोर्ट दिला. मी लिहून घेतलं. नातू बाहेर आल्यावर मला म्हणाला, "सर, दादोसा उस दिन ये नाम नहीं बोले थे. कुछ घर का नाम था, '-इया' पे खत्म होता था." म्हणजे माहिती मिळाली होती, पण त्या संध्याकाळी बोलण्याच्या ओघात तोंडातून निघालेली हाक मिळाली नव्हती. आणि अशी गोष्ट दुसऱ्यांदा विचारून काढता येत नाही. त्या दिवसापासून मी त्या लॅपटॉपच्या मागे लागलो.

आता तांत्रिक भाग. कंटाळू नका, नळ आणि हंडा एवढंच आहे.

माईकचा आवाज यूएसबीच्या डबीतून, म्हणजे ऑडिओ इंटरफेसमधून, कॉम्प्युटरमध्ये सतत येत असतो. हा न थांबणारा नळ समजा. नळाखाली दोन हंडे. एक भरत असताना दुसरा प्रोसेसरने नेऊन डिस्कच्या पिंपात ओतायचा आणि रिकामा परत आणून ठेवायचा. या हंड्याला बफर म्हणतात. हंडा 256 सॅम्पलचा असेल तर 48 किलोहर्ट्झला तो 5.33 मिलिसेकंदांत भरतो. तेवढ्या वेळात प्रोसेसर परत आला नाही, तर पाणी वाहून गेलं. ते परत मिळत नाही. तोच तो 'कट्'.

प्रोसेसरला यायला उशीर का होतो? तो दमलेला नसतो, रस्त्यात अडवलेला असतो. विंडोजमध्ये प्रत्येक यंत्राचा ड्रायव्हर, म्हणजे वायफाय, ग्राफिक्स, बॅटरी, टचपॅड यांचा, प्रोसेसरला 'थांब, माझं आधी' असं सांगू शकतो. या कामांना डीपीसी म्हणतात, डिफर्ड प्रोसिजर कॉल. ही कामं साध्या प्रोग्रॅमपेक्षा वरच्या पातळीवर चालतात. व्हीआयपी काफिला जाताना आपली जिप्सी कितीही जोरात पळणारी असली तरी चौकात उभी राहते, तसंच. चांगला ड्रायव्हर आपलं काम मिलिसेकंदाच्या छोट्या अंशात उरकतो. वाईट लिहिलेला ड्रायव्हर चौक अडवून बसतो. विंडोज ही रिअल टाइम सिस्टिम नाही. 'अमुक काम अमुक क्षणी होईलच' अशी हमी ती देत नाही, आणि तसा तिचा दावाही नाही.

अडवणारा कोण, हे शोधायला लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्रॅम आहे, घरगुती वापरासाठी फुकट. तो चालू करून पंधरा-वीस मिनिटं सोडून द्यायचा. कोणत्या ड्रायव्हरने जास्तीत जास्त किती वेळ रस्ता अडवला ते तो नावानिशी दाखवतो. नातवाच्या मशीनवर सगळ्यात वर नाव आलं एनडीआयएस डॉट एसवायएस, वेळ आठ मिलिसेकंदांच्या वर. हंडा भरतो 5.33 मध्ये आणि वाट अडते आठ. गणित तिथेच संपलं. एनडीआयएस हा विंडोजमधला नेटवर्कचा भाग. तिथे नाव त्याचं दिसत असलं तरी मागे बहुधा नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर असतो. शिवाय 'कट्' दर मिनिटाला येत होता. जवळपास कोणतं नेटवर्क आहे याचा वायफाय अधूनमधून शोध घेतं. गस्तीची वेळ ठरलेली असली की गस्त पकडणं सोपं.

उपाय फौजी आहे: रेडिओ सायलेन्स. रेकॉर्डिंगच्या आधी एअरप्लेन मोड, आणि त्यावरही समाधान न होता डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही डिसेबल. लेटन्सीमॉन पुन्हा चालवला. आठ मिलिसेकंदांचा आकडा एकाच्या खाली आला. माझ्या मते विंडोजवर रेकॉर्डिंग करणाऱ्याने बाकी काहीही केलं नाही तरी चालेल, पण एवढं करावं. शिवाय वायफाय बंद असलं की अपडेट उतरत नाहीत, क्लाउडवर फायली चढत नाहीत, आणि कोपऱ्यातून 'टिंग' करून कोणी बोलत नाही. एका बटणात अर्धी पलटण शांत.

दुसरी गोष्ट हंड्याचा आकार. नातवाने कुठेतरी वाचलं होतं की बफर जितका लहान तितका चांगला. हे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी खरं आहे. त्यांना हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज कॉम्प्युटरमधून फिरून ऐकायचा असतो, आणि तो उशिरा आला तर ताल जातो. आमचे हवालदारसाहेब गाणार नव्हते. आम्ही बफर 1024 केला. हंडा आता 21.33 मिलिसेकंदांनी भरतो. तो आठ मिलिसेकंदांचा काफिला आडवा आला असता, तरी हंडा सांडला नसता. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण असेल तर हेडफोनमध्ये आवाज तिथूनच घ्या, कॉम्प्युटरला त्यात पाडू नका.

तिसरी गोष्ट वीज. लॅपटॉप स्वभावाने कंजूष असतो. क्षणभर काम नाही असं दिसलं की प्रोसेसर डुलकी घेतो, यूएसबीचं पोर्ट झोपवतो. पहाऱ्यावरच्या माणसाने दोन फेऱ्यांच्या मधे डुलकी घेण्यासारखं हे आहे; उठायला वेळ लागतोच. म्हणून पॉवर ऑप्शन्समध्ये हाय परफॉर्मन्स निवडा, आणि त्याच्या आतल्या यादीत यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. 'ऑन बॅटरी' आणि 'प्लग्ड इन' अशा दोन्ही रकान्यांत करा. चार्जर काढला की दुसऱ्या रकान्याचे नियम लागू होतात, आणि घराची अर्थिंग धड नसेल तर घूंऽऽ आवाज टाळायला चार्जर काढावाच लागतो. नव्या काही लॅपटॉपवर फक्त 'बॅलन्स्ड' एवढंच दिसतं. तिथे सेटिंग्जमधल्या पॉवर मोडमध्ये 'बेस्ट परफॉर्मन्स' घ्या. झाकण मिटल्यावर 'डू नथिंग'. स्लीप 'नेव्हर'.

इथे एक गंमत सांगतो. मे महिना, बाहेर 44 अंश, आणि या लॅपटॉपचा पंखा हेलिकॉप्टरसारखा. प्रोसेसर थोड्या थोड्या वेळाने टर्बोमध्ये उसळी घेई, तापे, पंखा किंचाळे. पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 ऐवजी 99 टक्के केली की टर्बो बंद पडतो. आम्ही किमान आणि कमाल दोन्ही 99 वर बांधून टाकले. प्रोसेसर ना धावतो ना झोपतो, एका चालीत चालतो. पंखा गप्प. लाखभराचं मशीन मुद्दाम हळू केल्यावर चांगलं चालायला लागलं, हे त्या पोराला पचायला दोन दिवस लागले. हा पर्याय सगळ्या लॅपटॉपवर दिसत नाही. दिसला तर वापरा.

बाकीच्या गोष्टी भराभर. इंटरफेस थेट लॅपटॉपच्या पोर्टात लावा, स्वस्त हबमधून नाही. इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर मिळत असेल आणि तुमचा प्रोग्रॅम तो घेत असेल तर तोच वापरा. स्टाइनबर्ग कंपनीने 1997 मध्ये काढलेली ही पद्धत विंडोजच्या मधल्या मिक्सरला वळसा घालून जाते. तो नसेल तर वासापी, जे विंडोज व्हिस्टापासून आतच आहे. भाषणाला तेही पुरतं. अँटिव्हायरसला रेकॉर्डिंगचं फोल्डर तपासू नको म्हणून सांगा. बसण्याआधी 'शट डाउन' करून चालू करण्यापेक्षा 'रिस्टार्ट' करा, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचं पोट पूर्ण रिकामं होत नाही, रिस्टार्टमध्ये होतं. आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत.

इंटरनेटवर फिरणाऱ्या याद्यांत याहून बरंच काही असतं: प्रोसेसर शेड्यूलिंग 'बॅकग्राउंड सर्व्हिसेस'वर ठेवा, पेज फाइल बंद करा, रजिस्ट्री साफ करा, खिडक्यांच्या सावल्या काढा. यातलं बरंचसं 2001 च्या एक्सपीच्या काळातलं आहे, जेव्हा मेमरी मोजून मापून मिळायची. आज त्याने फरक पडला तर केसभर पडेल. रजिस्ट्री साफ करणारे प्रोग्रॅम तर मी माझ्या मशीनला शिवू देत नाही. आधी मोजा, मग हात लावा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दहा गोष्टी एकदम बदलल्या की कशाने सुधारलं ते कळत नाही, आणि बिघडलं तर अजिबातच कळत नाही. आणि हो, हे सगळं स्वतःच्या, घरच्या मशीनवर. सरकारी कॉम्प्युटरला यातल्या एकाही कारणासाठी हात लावायचा नाही. नोकरीतल्यांना हे माहीत आहे, तरी सांगितलं.

एक सेटिंग मात्र मी दोनदा तपासतो. साउंडच्या खिडकीत रेकॉर्डिंगच्या टॅबवर माईकच्या प्रॉपर्टीजमध्ये 'एन्हान्समेंट्स' असतात: नॉइज सप्रेशन वगैरे. सगळं बंद. ऑफिसच्या मीटिंगसाठी ते ठीक आहे. पण म्हातारा माणूस वाक्याच्या शेवटी आवाज खाली नेतो, श्वास घेतो, ओठ मिटतो. हे सगळं त्या यंत्राच्या लेखी कचरा असतं आणि ते झाडून टाकतं. लेव्हलही खाली ठेवा, बोलण्याची शिखरं उणे 12 डेसिबलच्या आसपास. 24 बिटमध्ये हळू आवाज नंतर उचलता येतो, पण वर आपटून फाटलेला आवाज शिवता येत नाही. आमचे हवालदारसाहेब बोलता बोलता तोंडाने 25 पाउंडर तोफ उडवत, सूचना न देता.

पुढची बैठक त्यांच्या गावी, घरी. पहाटे पाचला ठेवली, कारण ते चारला उठतातच आणि तेव्हा कूलरशिवाय बसता येतं. कूलर बंद, पंखा बंद, दार लोटलेलं. आदल्या संध्याकाळी नातवाने अर्ध्या तासाची रंगीत तालीम केली होती: वर्तमानपत्र वाचून रेकॉर्ड, शेजारी लेटन्सीमॉन. सगळं हिरवं. ऑडॅसिटीत 'डिटेक्ट ड्रॉपआउट्स' अशी एक सोय आहे. आवाजाचा तुकडा गळाला तर ती तिथे लेबल लावते. ती चालू ठेवली. दुसरा पहारा म्हणून बाजूला एक साधा हातातला रेकॉर्डर.

ते अडीच तास बोलले. मधे मोर ओरडले, खाट करकरली, सुनेने चहा आणला तेव्हा कपबशी वाजली. सगळं आलं आहे. त्या रात्रीच्या गोष्टीपाशी आले तेव्हा ते थांबले. किती वेळ, ते मला तिथे बसून कळलं नाही. नंतर पडद्यावर मोजलं तर 19 सेकंद. मग त्यांनी पूर्ण नाव घेतलं, रँकसकट, आणि पुढे गेले. घरचं नाव आलं नाही. नातवाने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. विचारायचं नाही.

संध्याकाळी फाइल उघडली तेव्हा तो म्हणाला, "सर, ये खाली जगह काट दूँ? सुनने वालों को लगेगा फिर से रेकॉर्डिंग टूट गई." मी त्याला लेबलचा पट्टा दाखवला. पूर्ण अडीच तासांत एकही लेबल नव्हतं. म्हणजे त्या 19 सेकंदांतला प्रत्येक हंडा भरून पिंपात पोहोचलेला आहे. त्यात मशीनने काही गाळलेलं नाही. ते थांबणं हवालदारसाहेबांचं आहे. ठेवलं.

जुनी तीन तासांची तुटकी फाइलही ठेवली आहे, 'कट्'सकट. उद्या गावातल्या कुणाला ते '-इया' वालं नाव आठवलं तर ते कुठे बसतं हे कळायला हवं. दोन्हींच्या तीन प्रती: एक लॅपटॉपवर, एक वेगळ्या डिस्कवर, आणि एक जोधपूरला त्यांच्या मुलीच्या घरी.

त्या सकाळी बैठक संपल्यावर हवालदारसाहेबांना ऐकायची इच्छा झाली. नातवाने त्यांच्या कानावर हेडफोन ठेवला. पाच-सात मिनिटं ते भिंतीकडे बघत ऐकत राहिले. मग हेडफोन काढला, नीट घडी करून खाटेवर ठेवला. "लाइन साफ है," म्हणाले. "अब कूलर चला दो."